फोन करणाऱ्याचा शोध

१२ नोव्हेंबर २००६
केला फोन! कळंबच्या एसटीडी बूथवरून, पोलिसांना. नाव नाही सांगितलं. म्हटलं, राळेगावात एक हॉलंडवाला यंत्र घेऊन नकाशे काढून राह्यला, झरीच्या जंगलातही जाते.

काल दिपालीच्या वावरात सीतादही होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, दहीभात. पहिलं बोंड तिनं त्या हॉलंडवाल्या योहानच्या हातावर ठेवलं. घरचा पाहुणा म्हणे! तिच्यापायी मारामारी केली, कॉलेज सोडलं — माझ्या हातावर कधी काही नाही.

१४ नोव्हेंबर
उचललं त्याला. यंत्र वावरं मोजायचं होतं. कापसाचा अभ्यास. मला ठाऊक होतं.

१७ नोव्हेंबर
त्याच्या वकिलातीचा माणूस दिल्लीहून आलाय. चिंतामणीच्या दर्शनाला आलो असं सांगून कळंबच्या लॉजवर उतरलाय. पेपरात आलं तर प्रकरण वर जाईल, मग महिनोन्‌महिने सुटका नाही. बोलणी चाललीत दिपालीच्या बाबांमार्फत. सदाशिवकाका कलेक्टर कचेरीतून रिटायर, सगळे ओळखतात. ठाणेदार म्हणतात, फोन करणाऱ्यानं लेखी द्यावं, गैरसमज झाला म्हणून, इथंच मिटवतो.

काका मला म्हणाले, "तू गावोगाव हिंडतं. शोध त्याले. बोभाटा नको."

मला!

१९ नोव्हेंबर
दोन दिवस सायकलवर हिंडलो. स्वतःलाच शोधत. दिपाली दारातच उभी — "सापडला का रे?" योहान जेवत नाही म्हणे.

२० नोव्हेंबर
फोन कळंबच्या बूथवरून आला, असं ठाणेदारांनी सांगितलं. काकांनी तिथं धाडलंच. बूथवाला उकंडा खो खो हसला. "मले काय इचारतं बे? तूच तं केलता! फोन आपटून गेलता, अजून खरखर करते."

२१ नोव्हेंबर
लिहून दिलं. सही केली. काकांनी कागद वाचलाही नाही, घडी करून खिशात घातला.

"पूजेच्या दिवशी तुयं तोंड पाह्यलं होतं मी. तुलेच काहून धाडलं, समजलं आता?"

मी पेनाचं टोपण लावलं.

"नाव कुठं निघणार नाही. तसा शब्द झाला सगळ्यायचा. दिपालीलेही नाही."

दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर
सुटला. गाडीत बसायच्या आधी मला कवटाळलं त्यानं. "धन्यवाद, भाऊ." दिपालीनं शिकवलेलं. किती हाडं लागली त्याची!

२४ नोव्हेंबर
दिपाली दहीभाताचा डबा घेऊन आली. "तुझ्यामुळे सुटला तो. आता एकच कर. ज्यानं फोन केला त्याचं तोंड दाखव मले."

मी मान वर केली.