ह्यांचा कॉम्प्युटर, सगळ्यांचा प्रिंटर

३ मार्च

भंगारात! एवढं बोलला आणि निवांत चहाचा घोट घेतला. जशी काही फुटकी बादलीच.

"आई, बाबांच्या कॉम्प्युटरचं आता काही खरं नाही. त्याच्यावरून प्रिंटर शेअर होत नाही. पुढच्या रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू."

हे माझे चिरंजीव. ऑफिसात एवढ्या माणसांचे कॉम्प्युटर सांभाळतात. घरातला एक प्रिंटर दोघांना मिळून वापरता येईल असं करता येत नाही! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

प्रिंटर ह्यांच्या कॉम्प्युटरला वायरने जोडलेला आहे. हे असताना सूनबाई तिच्या खोलीतून लॅपटॉपवरून पान पाठवायची आणि ते इकडे, माझ्या खोलीत, छापून यायचं. हे गेले, तसा कॉम्प्युटर बंदच राहिला. आता सून घरी शिकवणी घेते, तिला सरावाच्या प्रश्नपत्रिका लागतात, म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा चालू केला. तर छापायचं नाव नाही!

मी म्हटलं, "हात लावून तर बघ. माझ्या खोलीतली वस्तू हलणार नाही."

"हट्ट करू नकोस, आई."

मी हट्टी!

५ मार्च

दिवसभर बोलले नाही. भाजी अळणी झाली होती, तेही सांगितलं नाही. खा.

६ मार्च

शेवटी मीच बोलले. "रविवारपर्यंत थांब. मी चालवून दाखवते. चालला तर कॉम्प्युटर इथेच राहील."

"तू?" — आणि हसला.

हो, मी! चौथीत शाळा सुटली माझी. पुढचं सगळं वाचून शिकले. हे कुठून कुठून लेख शोधायचे, मोठ्या अक्षरात छापायचे आणि उशाशी ठेवायचे. "घ्या बाईसाहेब, आजचा अभ्यास." शिलाई मशीन बिघडलं तेव्हा त्याच्यासोबतचं पुस्तक वाचून मीच उघडलं आणि मीच जोडलं. एक स्क्रू उरला होता. पण चालतंय अजून! प्रिंटर काय आभाळातून पडलाय?

८ मार्च

सुनेचा लॅपटॉप घेऊन बसले आणि मदतीची पानं वाचून काढली. घरातले कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर हवेत. आहेत. प्रिंटर शेअर करण्याच्या चौकोनात खूण हवी. आहे — ह्यांनीच केलेली. प्रिंटर ज्याला जोडलाय तो कॉम्प्युटर चालू हवा, झोपलेला नको. अहो, मी त्याच्या पुढ्यातच बसलेय, तो कसला झोपतोय! मग पाणी मुरतंय कुठे?

चिरंजीव दोनदा दारात येऊन गेले. आत पाऊल टाकत नाहीत. "कशाला डोळे फोडून घेतेस?"

"माझे डोळे आहेत, मी फोडीन."

गेला. बापाच्या खुर्चीत काय साप बसलाय? एकदा येऊन बघायला काय होतं!

१० मार्च

सापडलं.

पाठवलेली पानं कॉम्प्युटरात एका रांगेत उभी राहतात. पुढचं छापलं की मागचं सरकतं. ती रांग आज उघडली. सुनेची प्रश्नपत्रिका. तीच पुन्हा. तीच पुन्हा — बिचारी वैतागून पाठवत राहिली असणार. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी पहिलं, एकच पान. पाठवणारा — ह्यांचं नाव. शीर्षक नाही. स्थिती — त्रुटी. तारीख ह्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवसाची. सकाळची.

ते अडलंय म्हणून मागचं सगळं अडलंय.

पुन्हा छाप म्हणून सांगितलं. प्रिंटर घुरघुरला आणि गप्प झाला. परत सांगितलं. तेच. मग कॉम्प्युटरभर ती फाईल शोधली. नाहीच. सेव्ह न करताच छापायला पाठवली! जन्मभर माझ्या कानीकपाळी ओरडले, "आधी सेव्ह करावं, मग उठावं." आणि स्वतः? इतकी कसली घाई होती हो?

काय असेल त्यात? माझा अभ्यास? की जिन्यातल्या दिव्याची तक्रार? तक्रारींचीही हौस फार होती.

मदतीच्या पानावर पुढे एकच ओळ आहे — अडकलेलं काम रद्द करा. लिहिणाऱ्याचं काय जातंय!

११ मार्च

सून शिकवणी आटोपून आली तशी तिला ओढतच खोलीत आणलं. सगळा राग तिच्यावर काढला. "बघ, बघ तुझ्या नवऱ्याची हुशारी! शेंबडं पोरसुद्धा आधी ही रांग उघडून बघेल. ह्याने बघितली? नाही! थेट भंगारवाला!"

तिने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. दार लोटून घेतलं.

"आई, त्यांनी पाहिलंय ते. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मला म्हणाले, तू रद्द कर. माझाही हात होईना. मग म्हणाले, अख्खा कॉम्प्युटरच घरातून जाऊ दे. म्हणजे कुणालाच करायला नको."

ती गेल्यावरही राग होताच. मला सांगायचं नाही? मी काय मेणाची बाहुली आहे? आणि स्वतः एवढं पोटात ठेवून माझ्या शिव्या खात बसला. गाढव!

१२ मार्च, रविवार

सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा मी रद्द केलं. "नक्की?" असं विचारतो कॉम्प्युटर. नक्की.

लगेच सुनेच्या प्रश्नपत्रिका धडाधड यायला लागल्या. आवाज ऐकून तो डोकं पुसतच दारात आला. "कसं झालं?"

म्हटलं, "मला काय ठाऊक. आपोआपच सुटलं."

आत आला. ह्यांच्या खुर्चीत बसला. रांग उघडून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हो. होतं असं कधीकधी."