नवव्या दिवशी मोडलेला शब्द

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, गल्लीत आणि चर्चच्या मंडळीत टेपबाई म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नणंदेला तो दाखवला, तरी तिला पटलेलं नाही.

कलम १. माझी दोन्ही शिवणयंत्रं मंडळीच्या शिवणवर्गाला द्यावीत. गायकवृंदाचे झगे यांवरच शिवले. ते घट्ट झाले असं पेटी वाजवणारे मास्तर बावीस वर्षं म्हणत आले आहेत. झगे होते तेवढेच आहेत, मास्तरांचं पोट सुटलं आहे.

कलम २. मोठी कात्री नणंदेला. कापडाच्या या कात्रीने तिने एकदा पुठ्ठा कापला, म्हणून मी चार महिने अबोला धरला होता. आता तिने पुठ्ठा काय, पत्रा कापावा. माफ केल्याचं इथे लेखी देते, कारण तोंडी सांगायला गेले तर पुन्हा भांडण होईल.

कलम ३. माझ्या अंत्यविधीत पाळकसाहेबांनी देवाला दिलेला शब्द पाळल्याची माझी ती प्रसिद्ध साक्ष सांगू नये. ती खोटी आहे. खरी हकिगत अशी. माझी एकुलती एक लेक दीड वर्षाची असताना तापाने बेशुद्ध पडली. इस्पितळाच्या जिन्यात गुडघे टेकून मी देवाला म्हटलं, "हिला वाचव, मी पुन्हा कुणाला टोचून बोलणार नाही." लेक वाचली. नवव्या दिवशी नणंद तिला बघायला आली, "पोर फार वाळली गं" म्हणाली, आणि मी तिला असं काही बोलले की ती चहा अर्धा टाकून निघून गेली.

त्यानंतर लेकीला साधं पडसं झालं तरी मी रात्रभर तिच्या उशाशी बसायचे. वाटायचं, आता देव तिला परत मागणार. त्याने मागितलं नाही. ती शाळेत गेली, माझ्याहून वीतभर उंच झाली. मी मात्र दरवर्षी मंडळीपुढे उभी राहून सांगत राहिले, "शब्द दिला आणि पाळला." लोक डोळे पुसायचे. नणंद मागच्या बाकावर गप्प बसायची, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

कलम ४. हे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची शिवणाची खोली, लेकीला. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचा मार सोसेना, म्हणून ती बॅग घेऊन याच खोलीत येऊन उभी राहिली. मी मशीन थांबवलंसुद्धा नाही. म्हणाले, "देवासमोर लग्न झालंय. नांदायचं नसेल तर देवाच्या दारात तुला जागा नाही, आणि माझ्याही." जिच्यासाठी जीभ आवरायचं कबूल केलं होतं, तिलाच मी त्या जिभेने घालवलं.

आता ती परगावी औषधांच्या दुकानात काम करते. प्रार्थनेला जात नाही. नणंद तिला भेटून आली, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, आईने काढलं ते एक वेळ सोसलं. पण देवानेही टाकलंच ना गं मला?" हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

तरीही वकिलांना मी सांगितलं, "लिहा, ती पुन्हा उपासनेला येऊ लागली तरच घर तिचं." आज त्यांनी ते वाचून दाखवलं, आणि माझंच मला ऐकवेना.

"खोडा," मी म्हटलं.

"आजी, कालच तर तुम्ही सांगितलंत."

"काल मी मूर्ख होते."

"डॉक्टरांचा दाखला कालचाच आहे," वकील म्हणाले.

तर ती ओळ मी स्वतःच्या हाताने खोडली आहे, बाजूला सही आहे. इस्पितळाच्या जिन्यातली अट मीच घातली, मीच मोडली. देवाने एकदाही विचारलं नाही, आणि लेक माझ्यापाशी राहू दिली. मग मी कोण अट घालणारी? घर तिचं, विनाअट. ती कुठेही जावो, न जावो.

बाळ, देवाने तुला टाकलं नाही. ते मी बोलले होते, त्याचं नाव पुढे करून. मी चुकले. मला क्षमा कर.

कलम ५. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच उघडायचं असतं. असेल. मला तेवढा धीर नाही. सोमवारी सकाळच्या गाडीची दोन तिकिटं नणंदेने काढली आहेत. लेकीच्या दारात उभी राहून हे मी स्वतः वाचणार आहे. तिने दार उघडलं नाही, तर बाहेरूनच मोठ्याने वाचेन. आवाजाला मी कधी कमी पडलेली नाही.

वरील सर्व मी वाचलं, मला समजलं, आणि बरंचसं उशिरा समजलं.

सही: टेपबाई

साक्षीदार:
१. पाळक. (साक्षीची दुरुस्ती मान्य.)
२. पेटीमास्तर. (कलम १ मधला पोटाबद्दलचा मजकूर अमान्य, बाकी खरं.)

ठिकाण: शिवणाची खोली
दिनांक: ७ मार्च, शनिवार