कुठलंही दार वाजवा

३ फेब्रुवारी, मंगळवार

परवा सुनावणी — त्याला इथे ठेवायचं की मायदेशी पाठवायचं, ह्याची. मी जाणार नाही. म्हणजे कालपर्यंत तरी जाणार नव्हते.

भाऊजी आले ते बूटही न काढता सुरू झाले. "वहिनी, तुम्ही बोललंच पाहिजे! माझा भाऊ गेलाय. असल्या एकेकामुळे इथले लोक आपल्या सगळ्यांकडे संशयाने बघतात. शिक्षा संपली म्हणून काय हार घालायचा? आला तिकडे परत पाठवा!"

लेक चहा ओतत होती. तिने किटली आदळलीच. "काका, तो इथे आला तेव्हा दोन वर्षांचा होता. कुठे परत पाठवता — पाळण्यात?" मग दोघांची अशी जुंपली की चहा निवून गेला. ती म्हणते, इथे जन्मला असता तर शिक्षा भोगून गुपचूप घरी आला असता, एका गुन्ह्याला दोन शिक्षा कशा? भाऊजी म्हणतात, पाहुण्याने घरातला माणूस मारला तर त्याला अंथरूण घालून देतात का?

मला दोघांचंही पटतं. हीच तर पंचाईत!

तो म्हणजे भोपू, पलीकडच्या वहिनींचा मुलगा. भोंग्यासारखा रडायचा म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव. दोन्ही घरांची भिंत एक — ह्या बाजूला माझं शिलाई मशीन, त्या बाजूला त्याची खाट. पोराला दमा. आधी छातीतून बारीक शिट्टी, मग तो खोल, खरवडल्यासारखा खोकला. तो सुरू झाला की वहिनी भिंतीवर टकटक करायच्या आणि मी वाफेचं पातेलं घेऊन पळायचे. मला काही झालं की मी टकटक करायची, त्या पळायच्या. टकटक झाली आणि दार उघडलं नाही असं कधी झालंच नाही.

त्याच खोकल्यावरून ह्यांनी त्याला ओळखलं. हे कामाला होते ते दुकान बंद करताना तिघं तोंडं बांधून आत शिरले, त्यातला एक खोकला. हे म्हणाले, "भोपू? तू रे?" — आणि त्याने हातातली सळई ह्यांच्या डोक्यात घातली. दुकानमालकाने कोर्टात हे सांगितलं. त्या दिवसापासून भिंत गप्प आहे. सात वर्षं झाली.

तो खोकला मला पुन्हा त्या भिंतीतून ऐकायचा नाही. न्याय काय, अन्याय काय, मला कळत नाही. एवढं मात्र कळतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. बोललेही.

वाटलं होतं मोठा थाट असेल, तर खोली अगदी दाताच्या दवाखान्यासारखी. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात सुकलेली कुंडी. भोपू टेबलाच्या त्या टोकाला. केवढा झालाय! मान खाली, मुठीत दम्याचा पंप. एकदाही वर बघितलं नाही त्याने.

त्याचा वकील म्हणाला, तिकडे त्याचं कोणी नाही, भाषा मोडकीतोडकी येते, त्यात हा आजार. अधिकारीबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही त्याच देशात वाढलात. असा एकटा माणूस तिथे राहू शकेल?"

आणि मला काय झालं कोण जाणे! 'ठेवू नका' एवढंच म्हणायला गेले होते. पण मला वाटलं, आपल्या माणसांना कोणी नावं ठेवतंय. ताठ बसले. म्हणाले, "बाई, आमच्याकडे कोणी एकटं पडत नाही. कुठलंही दार वाजवा, दार उघडतं. आधी पाणी देतात, मग नाव विचारतात."

बाईंचा चेहरा सैल झाला. त्यांना तेवढंच हवं होतं बहुतेक.

खोटं नाही बोलले मी. आमच्या गल्लीत होतंच तसं. पण ती गल्ली बघून मला किती वर्षं झाली? तिकडचं सगळं मी निघाले त्या दिवसापाशीच थांबलंय — निदान माझ्यापुरतं.

वहिनी बघत होत्या माझ्याकडे. रागाने नाही. त्यांचाही विश्वास बसला होता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाठवणार. भाऊजींचा फोन — "शाब्बास वहिनी!" शाब्बास काय? शर्यत जिंकले का मी? लेक बोलत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज नेला. तुरुंगातूनच परस्पर विमानात, घरी आणलाच नाही. पलीकडे दिवसभर चिडीचूप.

वाटलं होतं, मोकळं वाटेल. गणवेशाच्या पँटी आखूड करायला घेतल्या आणि एकीचा एकच पाय दुमडून बसले! उसवली, पुन्हा घातली. ह्यांच्या फोटोकडे बघायचं टाळलं. का, ते मला विचारू नये कोणी.

२ मार्च, सोमवार

भिंतीतून खोकला आला.

सकाळचे अकरा. स्वच्छ ऊन. मी चेन बसवत होते. आधी ती बारीक शिट्टी, मग खोकला. सुई बोटात गेली. वहिनींचा नाही, त्यांचा मला पाठ आहे. हा त्याचाच. थोडा जड झालेला, पण त्याचाच.

मशीन थांबवलं तर तोही थांबला. म्हणजे ऐकत होता की काय!

३ मार्च, मंगळवार

आज रातकिडे.

शप्पथ! भर उन्हात, दारं-खिडक्या बंद असलेल्या त्या खोलीतून रातकिडे किर्र करत होते. कान भिंतीला लावला. मधूनच दूरवर कुत्रं भुंकलं. आमच्या अख्ख्या रस्त्यात कुत्रं नाही. मग कुणीतरी कूस बदलली, खाट करकरली.

मी लहान असताना आमच्याकडे अशीच रात्र व्हायची. अगदी अशीच.

५ मार्च, गुरुवार

लेकीला सांगितलं. कामावरून आली तशी भिंतीला कान लावून उभी राहिली बिचारी. काही नाही. संध्याकाळी कधीच नसतं, सगळं सकाळीच. "आई, तू एकटी बसू नकोस गं दिवसभर. डॉक्टरकडे जाऊ या का?" — इतक्या गोड आवाजात की मला धसकाच बसला. वेडी समजते मला!

६ मार्च, शुक्रवार

पाऊस. पलीकडच्या खोलीत. पत्र्यावर पडतो तसा. आमचं अंगण कोरडं ठणठणीत.

मला वेड लागलेलं नाही. तो तिथे आहे. कसातरी परत आलाय आणि आईने लपवलाय. बाकीचे आवाज कसले ते देव जाणे, खोकला तर त्याचाच आहे. आपल्याला फसवलं! ह्यांना फसवलं!

९ मार्च, सोमवार

म्हटलं, सोक्षमोक्ष लावून टाकू. सुनावणीच्या वेळी त्यांनी नंबर दिला होता, त्यावर फोन केला. एक उंच अधिकारी आणि एक मुलगी, दोघं आले. खोकला चालूच होता — त्यांनीही ऐकला! दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला केवढं बरं वाटलं. वेडी नाही मी.

वहिनींनी दार उघडलं, बाजूला झाल्या. मीही मागोमाग शिरले. सात वर्षांनी त्या घरात पाय ठेवला. खोलीत अंधार, पडदे ओढलेले. खाटेवर पांघरूण, पांघरुणाखालून रातकिड्यांची किरकिर.

त्या उंच माणसाने पांघरूण ओढलं.

उशीवर फोन. भोपूचा जुना फोन, चार्जरला लावलेला. बाकी खाट रिकामी.

त्याने तो उचलला तसा आतून आवाज आला — "आई? कोण आलंय?"

अधिकारी दचकला. मग त्याने फोन हळूच उशीवर ठेवला, पांघरूण जसं होतं तसं ओढलं आणि दोघं निघून गेले. जाताना त्या मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना — जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

१० मार्च, मंगळवार

वहिनी स्वतः आल्या. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

"तुम्हाला त्रास झाला असेल, वहिनी. पण त्याला एकटं झोपायची सवय नाही. तुरुंगातसुद्धा खोलीत दुसरा कोणी असायचा. आपली सकाळ म्हणजे तिकडची रात्र. फोन उशाशी चालू ठेवते. मी इथे भांडी घासते, झाडते, ते ऐकत झोपतो. तुमचं मशीनही जातं ऐकू. ते सुरू झालं की लवकर झोपतो."

मी विचारलं, "शेजारीपाजारी?"

"पहिले चार दिवस उघडली दारं. पाणी दिलं, जेवायलाही बसवलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच. मग इकडून कुणीतरी त्याची बातमी पोचवली." पदर तोंडाला लावला. "आता नाही उघडत."

तिकडच्या लोकांना तरी कसा दोष देऊ? मी इथली असून मला तो नको होता. मग त्यांना का हवा असावा? लेकीबाळींच्या घराशेजारी तो ठेवा, असं मीच त्यांच्या वतीने परस्पर कबूल करून आले!

१३ मार्च, शुक्रवार

काम नव्हतं. तरी सकाळी मशीन चालवलं. चिंध्यांवरच. कुणासाठी नाही, मशीन गंजू नये म्हणून.

१८ मार्च, बुधवार

वहिनी तिकडे निघाल्या. भोपूचा दमा वाढलाय, पंप संपत आलेत. किल्ली माझ्या हातात ठेवली. मी हात मागे घेतला तर मूठ धरून ठेवली.

"इथे दुसरं कोण आहे मला? विमानात माझा फोन लागणार नाही. तेवढा एक दिवस त्याच्या खोलीतला चालू ठेवा. चार्जर निघाला तर लावा. बोलू नका हवं तर."

ज्याने नवरा मारला त्याची झोप राखायची! भाऊजींना कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत. हो म्हणाले.

२० मार्च, शुक्रवार

कालचं लिहून ठेवते. आज लिहिलं नाही तर उद्या मीच ते बदलेन.

काल सकाळी किल्लीने दार उघडून आत गेले. रातकिडे, झोपेतला श्वास. खाटेच्या कडेला बसले. ह्यांना मारणारा झोपलाय आणि मी उशाशी — असा विचार आला, आणि नेमकी तेव्हाच शिट्टी सुरू झाली.

मग खोकला. थांबेना. चाचपडल्याचा आवाज, काहीतरी खाली पडलं. "आई... पंप... रिकामाय..."

वहिनी विमानात. मी तोंड दाबून बसले होते. आणि मग बोललेच — "भोपू, उठून बस. वाकून बस. गरम पाणी आहे का?"

तिकडे सगळं थांबलं. मग म्हणाला, "काकू?"

"हो. शेजारी जा. दार वाजव."

"उघडत नाहीत, काकू."

"वाजव म्हणते ना! फोन घेऊन जा. मी बोलते त्यांच्याशी."

गेला. पायरीपायरीवर थांबत गेला असावा. टकटक ऐकली. आत टीव्ही चालू होता, नीट ऐकू येत होता — माणसं हसत होती त्यात. टकटक झाली आणि टीव्ही बंद झाला.

दार नाही उघडलं.

दुसरं दार. टकटक. आतून कडी सरकली. मी म्हटलं, उघडलं! — तर लावली होती. मी ओरडले, "अहो, पोर आहे हो! दार उघडा!" माझ्याच भाषेत, माझ्याच माणसांना. कोणी हूं की चूं केलं नाही. लेकीला माझ्या फोनवरून लावलं, ती म्हणाली, "दवाखान्याची गाडी पाठवायची तर पत्ता सांग!" पत्ता मला ठाऊक नाही. त्याला विचारते तर त्याच्याने बोलवेना.

टकटक मंद होत गेली. मग नुसतेच रातकिडे. मी भोपू, भोपू करत राहिले. मग रातकिडेही बंद.

२१ मार्च, शनिवार

वहिनींचा फोन आला. पोचल्या तेव्हा तो जिन्यात होता. कुणाच्यातरी दाराला टेकून बसलेला. गेलेला.

माझ्याविषयी एक शब्द नाही. एवढंच म्हणाल्या, "एकटा नव्हता ना, वहिनी? तुम्ही होतात ना?"

हो म्हणाले. मग भांडं पडावं तशी खाली बसले आणि रडले. ह्यांच्यासाठी रडले तशीच. वेगळं रडता येत नाही मला.

२३ मार्च, सोमवार

भाऊजी आले होते. "सुटलो एकदाचे," म्हणाले. मी चहा ठेवला नाही.

पलीकडे कुलूप आहे. त्याचा फोन बंद करून माझ्या कपाटात ठेवलाय. वहिनी अजून तिकडेच.

२४ मार्च, मंगळवार

सकाळचे अकरा. ऊन. मशीन लावलं आणि भिंतीवर टकटक झाली.

पुन्हा झाली. मागोमाग ती बारीक शिट्टी.

कपाट उघडून पाहिलं. फोन बंदच आहे.

टकटक थांबत नाही. किल्ली घेतली आहे. दार उघडायला चालले.