राखेसारखा, मग हिरवा

१४ ऑगस्ट

चि. ठकीस, अ. उ. आ.

तुझं आमंत्रण तीनदा मनात वाचलं आणि चौथ्यांदा खिडकीशी उभं राहून मोठ्याने वाचलं. खालच्या सायकल दुरुस्तीवाल्याने मान वर केली. त्याला वाटलं असणार, बाईंची सभा सुरू झाली.

येते! थंडीत येते आणि ध्रुवप्रकाश बघूनच परत फिरते. तुला ठाऊक नसेल, हे वेड चव्वेचाळीस वर्षांचं आहे. रंगखात्यात नवी लागले होते तेव्हा कारखान्याच्या वाचनालयात एक जाडजूड पुस्तक हाती आलं. त्यात बर्फावर लोंबणाऱ्या हिरव्या पडद्यांचं चित्र. मी ते खात्याच्या रंगमास्तरांना दाखवलं, तर ते म्हणाले की हा छापखान्याचा खेळ आहे, असा हिरवा आभाळात नसतोच. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी त्यांच्याशी भांडले. पण शंका राहिली ती राहिलीच. पुढे जन्मभर हिरवे जुळवले, हजारो. सगळे पिंपातून निघालेले, कुणीतरी कालवलेले. जो कुणीच कालवला नाही असा एक मला बघायचा आहे.

शेजारच्या बँकवाल्या बाई म्हणाल्या की या वयात असले शौक म्हणजे श्रीमंतांची नक्कल. मी त्यांना जिन्यातच थांबवलं. म्हटलं, आभाळ कुणाच्या बापाचं नाही, आणि ज्यांनी चाळीस वर्षं छताखाली मान मोडली त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे. कामगाराला पोटापुरतं मिळालं की झालं असं जो म्हणतो, तो त्याला अर्धाच माणूस समजतो. डोळ्यांनाही भूक असते! बाईंच्या हातातली दुधाची पिशवी गरम व्हायला लागली तेव्हा सोडलं त्यांना.

सोबत मी विणलेले काळे हातमोजे पाठवते. गावभर लोक तू केलेल्या कवळ्या लावून हसतात, तुझ्या बोटांना जरा ऊब नको का? फोन करू नकोस. फोनवर मी तुला बोलू देत नाही ही तुझीच तक्रार.

घरमालकाने भिंतींना पुन्हा तोच पिवळट रंग फासला आहे. भांडण चालू आहे.

लोभ वाढावा, आणि तुझं वजनही.

तुझी,
आत्या

*

२ सप्टेंबर

ती. आत्यास, शि. सा. न.

हातमोजे मिळाले. उबदार आहेत आणि तुझ्या घराचा वास अजून गेलेला नाही, म्हणून पहिले दोन दिवस घातलेच नाहीत, नुसते उशाशी ठेवले.

कवळ्यांचं काम जोरात आहे. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, दंतवैद्यांच्या मागे. चार टेबलं, एक भट्टी, आणि सगळीकडे साच्यांचं पांढरं पीठ. सध्या एका म्हाताऱ्या खलाशाची वरची कवळी करतेय. त्याला पूर्वीसारखा एक दात वाकडाच हवा. सरळ केला तर बायको घरात घेणार नाही म्हणतो.

ध्रुवप्रकाशाचं मात्र आधीच खरं सांगते. चित्रातल्यासारखा तो रोज नसतो. बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना धुरकट ढगासारखा दिसतो. फोनमध्ये फोटो काढला की हिरवा, डोळ्यांनी बघितला की राखाडी. कधीतरीच तो जोरात पेटतो आणि डोळ्यांनाही रंग दिसतो, तेही मिनिट-दोन मिनिटं. म्हणजे नजर चांगली हवी.

आता पुढचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आत्या, हातमोजे काळे नाहीत. एक काळा आहे, दुसरा गडद निळा. मी खिडकीशी नेऊन, खाली पांढरा कागद ठेवून बघितलं, तू शिकवलंस तसंच. आणि भिंतींचं तू वर्षभर लिहितेस. मला शंका आहे की घरमालकाचा त्यात काही दोष नाही.

बाबा गेल्यावर तू मला खिडकीशी उभी करून पांढऱ्याचे नऊ प्रकार शिकवलेस. त्यावर आज माझं पोट चालतं, परक्या गावात मान ताठ राहते. माझा डोळा हा तुझाच डोळा आहे. म्हणून तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू असावा असं तुलाच लिहिताना हात जड होतो. डॉक्टरांना दाखव. छोटं ऑपरेशन असतं. मग ये.

रागावलीस तरी चालेल, माया आटवू नकोस.

तुझी,
ठकी

*

१६ सप्टेंबर

ठकीस, आ. (आज एकच.)

चाळीस वर्षं या बाईने मान डोलावल्याशिवाय कारखान्यातून कापडाचा तुकडा बाहेर गेला नाही. मालकाचा मुलगा परदेशात शिकून आला तोही माझ्या खिडकीशी येऊन उभा राहायचा. आणि आता तू, जिला पांढरा आणि पांढरा यांतला फरक मी दाखवला, ती मला लोकरीचे रंग शिकवणार! दुकानदाराने लोकरीचा गुंडा बदलला असेल. विजेचा उजेड खराब असेल. जगात चुकायला माझ्या डोळ्यांशिवाय दुसरं काहीच उरलं नाही का?

मी कुठेही येत नाही. राखाडी ढग इथेही आहेत.

आत्या

*

९ ऑक्टोबर

चि. ठकीस, अ. उ. आ.

मागचं पत्र फाडून टाक. पेटीत टाकलं आणि त्याच क्षणी ते परत काढता येईना म्हणून पेटीला लाथ मारली. अंगठा अजून दुखतो.

तुझं उत्तर यायच्या आत खरं कारण सांगून मोकळी होते. मला ऑपरेशनची भीती नाही. मला घुमीची भीती वाटते.

घुमी म्हणजे रंगखात्यातली माझी जोडीदारीण. सतरा वर्षं आम्ही एका खिडकीशी काम केलं, बोलायचं काम तेवढं मी एकटीने केलं, म्हणून तिचं नाव घुमी. मी निवृत्त व्हायच्या वर्षी इस्पितळाच्या पडद्यांचं हिरवं कापड रंगवून आलं. मी नमुन्याशी ताडलं आणि पास केलं. घुमीने माझ्या बाहीला हात लावून सांगितलं की लॉटला निळी झाक आहे, पाठवू नका. एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मी सगळ्या खात्यासमोर तिला झोडपलं. ज्यांना रंग दिसत नाही त्यांनी घड्या घालाव्यात, असं म्हणाले. साहेबांनी माझा शब्द मानला आणि तिला घडीखात्यात धाडलं. तिथे ती पाच वर्षं कापडाच्या घड्या घालत राहिली, निवृत्त होईपर्यंत. लॉट परत आला तेव्हा मी रंगाच्या पावडरीवर खापर फोडलं आणि सगळ्यांनी ते मानलं. मी बोलते छान, नाही का?

त्या कापडाचा आणि नमुन्याचा तुकडा माझ्या वहीत शेजारी शेजारी चिकटवलेला आहे. आजही मला ते दोन्ही एकच दिसतात. डोळा साफ झाला आणि ते वेगळे दिसले, तर मी काय करू? गेटवर उभी राहून मी जन्मभर एकच गोष्ट ओरडले, की अन्याय करणाऱ्याने त्याचा जाब दिला पाहिजे. तो जाब मलाच द्यायची वेळ आली तर घसा बसेल माझा.

माया असू दे.

आत्या

*

२२ ऑक्टोबर

ती. आत्यास, शि. सा. न.

आधीचं पत्र टपालात अडकलं होतं, दोन्ही एकाच दिवशी आली. पहिलं फाडलं नाही, ते मला फार आवडलं. अंगठ्याला शेक दे.

तू सोळा वर्षांच्या मला एक नियम दिला होतास. जुळत नसेल तर कापडाशी वाद घालू नकोस, पुन्हा बघ. मी तो रोज पाळते. परवाच त्या खलाशाचे दात एक छटा पिवळे निघाले. कुणाच्या लक्षातही आलं नसतं, तरी मी ते उतरवून पुन्हा केले. तुझ्यामुळे.

तेव्हा पुन्हा बघ, एवढंच सांगते. निकाल काहीही लागला तरी तू माझी आत्याच आहेस, आणि इथे तुझ्यासाठी पलंग मांडून ठेवला आहे.

तुझी,
ठकी

*

३ डिसेंबर

चि. ठकीस, अनेकांत अनेक आ.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं लागली. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या, पण हात असा की आमच्या खात्यात असती तर मी तिला लगेच कायम केलं असतं. पट्टी सुटल्यावर घरी आले आणि दारातच उभी राहिले. भिंती पांढऱ्या आहेत, ठकी! चुन्यासारख्या पांढऱ्याशुभ्र. घरमालकाकडे गेले आणि वर्षभराच्या भांडणाची माफी मागितली. त्याला वाटलं, मी घर सोडून चालले. बिचारा खूश झाला होता.

मग वही काढली. खिडकीशी गेले. उजवा डोळा मिटला, डाव्या जुन्या डोळ्याने बघितलं. दोन तुकडे, एक रंग. डावा मिटला, उजव्याने बघितलं. निळी झाक. ढळढळीत, आंधळ्यालाही दिसावी अशी. मी किती वेळ एक डोळा मिटत आणि दुसरा उघडत बसले, सांगता येत नाही. समोरच्या गच्चीवरचे गृहस्थ घाईने आत निघून गेले, त्यांचा काय गैरसमज झाला असेल तो असो.

दुसऱ्या दिवशी घुमीकडे गेले. दोन खोल्या, चकचकीत फरशी, आणि कपाटात चादरींच्या अशा घड्या की कडेला कड. वाटेत भाषण तयार केलं होतं. तोंडातून एवढंच आलं की तुझं बरोबर होतं, माझं चुकलं, आणि मी तुझी पाच वर्षं खाल्ली.

ती म्हणाली की माझ्या डोळ्यांचं तिला तेव्हाच कळलं होतं. तिच्या आईचे डोळे तसेच गेले होते, आईलाही निळं दिसेनासं झालं होतं. मी विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलंस. तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली की सांगितलं असतं तर त्याच दिवशी तुम्हाला खिडकीवरून उठवलं असतं. माझ्या निवृत्तीला दहाच महिने उरले होते. तिला वाटलं, बाईंनी खिडकीशीच निवृत्त व्हावं.

ठकी, मी आयुष्यात शेकडो सभा गाजवल्या. एकजूट, एकजूट म्हणून ओरडले. आणि एकजूट कशाला म्हणतात हे मला ती घड्या घालणारी बाई चहा पाजता पाजता सांगत होती, तेही मी विचारलं म्हणून. मी रडले. तिने पदर दिला नाही, घडी केलेला रुमाल दिला.

मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर उत्तरेला. ती म्हणाली की तिचे गुडघे दुखतात. तुम्ही जा आणि मला लिहा, पण जे दिसेल तेच लिहा, भाषण नको.

डावा डोळा पुढच्या महिन्यात. मग निघते. तू ते पत्र पाठवलं नसतंस, तर मी हे काहीच न बघता मेले असते. तुझे उपकार मानायचे तर शब्द पुरत नाहीत, आणि माझ्याकडे शब्द पुरत नाहीत म्हणजे बघ.

तुझ्यावर जीव आहेच, तो तिथे घेऊन येते.

आत्या

*

११ फेब्रुवारी

प्रिय घुमीस, स. न. वि. वि.

ठकीच्या स्वयंपाकघरातून लिहिते. बाहेर खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ आहे. तुला कबूल केल्याप्रमाणे जे दिसलं तेवढंच लिहिते, दोन्ही डोळ्यांनी.

पहिल्या पाच रात्री ढग. ठकी कामावरून दमून यायची आणि तरी मला बंदराच्या धक्क्यावर न्यायची. मी तिला घरी जा म्हणायचे, ती ऐकायची नाही. हट्ट आमच्या घराण्यातला. सहाव्या रात्री आभाळ उघडलं. उत्तरेला एक पट्टा दिसला. राखेच्या रंगाचा. खरंच सांगते, नुसती राख. शेजारी उभ्या असलेल्या लोकांनी फोन वर केले आणि त्यांच्या हातात तो हिरवागार झाला. ठकीनेही फोन पुढे केला, मी तिचा हात खाली केला. एवढं लांब छापील रंग बघायला आले नव्हते. पण मनात म्हटलं, मास्तरच जिंकले. आणि तुला शपथेवर सांगते, मला वाईट वाटलं नाही. राख दिसली तर राख लिहायची, हे ठरवूनच निघाले होते. राखही सुंदर होती. हलत होती.

बराच वेळ गेला. पाय बधिर झाले. मग पट्ट्याची खालची कड आधी ताठ झाली आणि एकदम पेटली. हिरवी. फोनमध्ये नाही, माझ्या डोळ्यांत. आभाळभर घड्या पडल्या आणि उलगडल्या, तळाशी क्षणभर गुलाबी रेघ धावली. मी तोंड उघडलं आणि काही बोलले नाही. ठकी घाबरली. तिने माझी नाडी बघितली, विचारलं की आत्या, बरं वाटतंय ना. मला इतकं गप्प तिने कधी पाहिलं नव्हतं. मी नुसती तिचा हात धरून उभी होते. चार मिनिटं असतील. मग पुन्हा राख.

हिरवा खरा आहे, घुमे. तेवढं मी शपथेवर सांगते. पण कोणता हिरवा, कोणती झाक, ते मी लिहिणार नाही. एकटीने निकाल द्यायची माझी सवय आता मोडली आहे.

धक्क्यावर एक पाठ असलेलं बाकडं आहे, शेजारच्या कोठीत शेगडी आहे, मी तासभर बसून दोन्हींची परीक्षा घेतली. तेव्हा गुडघ्यांची सबब ऐकणार नाही. ठकीशी बोलले, ती दुसरा पलंग मांडते आहे. पुढच्या थंडीत आपण दोघी येऊ. प्रकाश पेटला की आधी तू बोलायचं. मी ऐकेन.

जो लोभ तू न सांगता केलास, तो आता मला सांगून करत जा.

तुझी जोडीदारीण