कोरडी गेलेली पाहुणी

इब्तिहालताई,

मदतसंस्थेकडून तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात, तेव्हा मी शेजारीण तकियाकडून साखर आणि मनुका उसन्या आणल्या होत्या. कॉफीच्या सालींचा, आलं घातलेला किश्र केला. तुम्ही पेला संपवलात, चौकशी केलीत आणि गेलात. मग कळलं, घरात खायला-प्यायला आहे म्हणून आमचं मदतीचं पीठ बंद! अहो, ते पाहुणीसाठी होतं. आमच्या डोंगरात पाहुण्याला रिकामं घर कोण दाखवतं? तुम्हीही येमेनच्याच ना?

दुसऱ्यांदा आलात, तेव्हा मी चूल पेटवलीच नाही. तुमचा आवाज ऐकून आंधळे सासरे म्हणाले, "हुस्निया, पाहुण्यांना किश्र दे गं."

मी म्हटलं, "घरात काही नाही, बाबा."

पीठ सुरू झालं. सासरे मला एका शब्दानं बोलले नाहीत. भाकरीही खातात. पण आयुष्यभर वाटेवरच्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणणारा हा माणूस आता बाहेर पावलं वाजली की भिंतीकडे तोंड फिरवतो.

गुरुवारी तुम्ही पुन्हा येणार म्हणे. चूल पेटवली तर पीठ जाईल. नाही पेटवली, तर म्हातारा असाच भिंतीकडे तोंड करून मरेल. तेव्हा काय विचारायचं ते उंबऱ्याबाहेरूनच विचारा, एवढंच सांगायचं होतं.

पण हे पत्र तुम्हाला देऊ कशी? दारात आलेल्या बाईला "आत या" म्हटल्याशिवाय माझा हातच पुढे होत नाही.

तुम्ही येऊ नये म्हणून दाराकडे बघत बसलेली,
हुस्निया