दारापुढचा निळा ड्रम

मंगळवार, संध्याकाळ

पाय मोडून आलेत. करमाडकडचं घर बघून आलो. इथून निघताना सासऱ्यांनी पेपर पुढं केला, "तिथं पाण्याची बोंब आहे, घेऊ नका."

तिथं शेजारच्या घराला कुलूप आणि दारापुढं निळा ड्रम. वाटलं, वैतागून गेले असतील सोडून. समोरच्या मावशी हसल्या.

"नाय वो, दोघं बी वाळूजला ड्यूटीवर हायेत. नळ आले की त्यांचा ड्रम आम्हीच भरतो."

झाकण उचलून दाखवलं. काठोकाठ.

पेपर खोटा नाही, पाणी कमीच येतं. पण इथं भाड्याच्या घरी तरी रोज कुठं येतं? घ्यावं का?

परत आलो तर नळ येऊन गेलेले. आमचाही ड्रम दारापुढंच होता. कोरडा.