कोरडी प्लेट

४ मार्च, सोमवार

नातीने आज ह्यांच्या जुन्या मोटारीचं इंजिन पार उघडं केलं. मागचं जाड लोखंडी चाक – फ्लायव्हील म्हणायचं – काढून लेथवाल्या भाऊजींकडे नेलं. म्हणे कडेचं लोखंड कातून हलकं केलं की इंजिन चटकन उचल घेतं. मी म्हटलं, माझंही थोडं कातून आण. हसली नाही. कामात असली की अगदी आजोबांवर जाते, ठार बहिरी.

९ मार्च, शनिवार

चाक आलं. आरशासारखं! भाऊजींनी पाच दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. ह्यांचे जुने दोस्त ते. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून एकेक माप तीन-तीनदा घेतात. त्यांचा मुलगा मागे लागलाय, दिसत नाही तर लेथ विकून टाका. मला म्हणाले, वहिनी, हे चाक त्याला दाखवतो आणि मग बोल म्हणतो.

नवी क्लचची प्लेट कागदावर टाकून नात जेवायला गेली. कोरडी ठणठणीत पडली होती. गंजली असती. शिलाई मशीनचं तेल लावलं, दोन्ही अंगांना. मेली सगळं प्यायली, म्हणून परत लावलं. वस्तू सांभाळायची अक्कल ह्या पोरींना कधी येणार!

१३ मार्च

मोटार चढ चढेना. इंजिन बोंबलतंय, गाडी जागेवर. क्लच घसरतो म्हणे. गल्लीभर जळका वास.

१५ मार्च

परत सगळं उघडलं. प्लेट काळी कोळसा, चाकावर निळे डाग. भाऊजींनी येऊन मापाच्या काट्याने तपासलं – चाक वाकडं. पुन्हा तपासलं. तेच. मुलगा शेजारी उभा होता.

नात म्हणाली, "काका, दिसत नव्हतं तर आधी सांगायचंत ना."

त्यांनी चष्मा पुसला आणि गेले.

पोरीच्या जिभेला धार आहे. कुठून आली ते लिहायला नको.

१६ मार्च

भाजी निवडताना सहज विचारलं, क्लचच्या प्लेटीला तेल कितीदा घालायचं असतं गं?

"एक थेंबसुद्धा नाही, आजी. ती कोरडी असते म्हणून तर चाकाला धरते. तेल लागलं की घसरते. घसरली की तापते, मग चाकही वाकडं होतं."

मी हं म्हटलं. देठ ठेवले आणि पानं टाकून दिली.

१७ मार्च

सांगितलं नाही.

१९ मार्च

सुनेकडून एकदा दूध उतू गेलं तर आठवडाभर ऐकवलं होतं मी. आता स्वतःवर आलं तर तोंडात गुळणी! नात दुसऱ्या लेथवर दुसरं चाक करून घेणार आहे. भाऊजी फिरकले नाहीत. सकाळी मीच त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि चार लिंबं घेऊन परत आले. घरात सहा होती.

२२ मार्च, सकाळ

नातीला सांगितलं. पाना खाली ठेवला तिने. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "त्या दिवशी त्यांच्या मुलादेखत बोलायचं होतंस, आजी." काकांना मी काय काय बोलले, असं म्हणून रडायला लागली. माझ्याबरोबर यायला निघाली. नको म्हटलं. तेल मी लावलं.

२२ मार्च, दुपार

भाऊजींकडे लेथ नाही. काल विकत घेणाऱ्याने उचलून नेला. फरशीतून चार बोल्ट तेवढे वर आलेत.

उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.  मग भाऊजी म्हणाले, "म्हणजे वहिनी, माझं माप बरोबर होतं?"

होतं, म्हटलं.

त्यांनी आतून मुलाला हाक मारली. मला म्हणाले, "आता परत सांगा. मोठ्याने."